लिबर्टी चित्रपटगृह, मुंबई: आतल्या सजावटीत नेमकं काय पाहायचं?

रेखाटनवही: वास्तुकलेच्या अभ्यासासाठी मरीन लाइन्सच्या लिबर्टीची (१९४९) टिपणं काढतेय. रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) पाहून झालीत. लिबर्टीच्या आत लाकूड नि प्लास्टरकाम इतकं का? नुसती शोभा, की त्याला काही काम आहे? आणि लाकडावरचं पॉलिश जुनं की नंतरचं, हे कसं ओळखायचं?

जुनापडदा: इरॉस बाहेरून पाहायची इमारत. सोहराबजी भेदवारांनी चर्चगेटसमोरच्या कोपऱ्यावर दोन बाजू मधल्या मनोऱ्यापाशी आणून जोडल्यात. आग्र्याचा लाल दगड आणि क्रीम रंग. लिबर्टी मात्र आतून पाहायची. काम वास्तुविशारद रिडले ॲबट यांनी सुरू केलं, त्यांच्या निधनानंतर जॉन फर्नांडिस यांनी पुरं केलं. आतली सजावट वामन नामजोशींची: बर्मा टीक, कॅनडाचं सीडर, पडद्याच्या दोन्ही अंगांना थिजलेल्या कारंज्यांसारखी नक्षी. नामजोशींवर मराठीत अजून कितीतरी लिहायला हवं.

शोभा आहेच, पण कामही आहे. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आदळत राहतो आणि संवाद पुसट होतात. खाचा, पायऱ्या, उंचसखल प्लास्टर असलं की तो विखुरतो. रिकाम्या हॉलमध्ये मधल्या वाटेत उभं राहून एकदाच टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्र’ असं फडफडलं, तर समजा तिथं सपाट भिंती समोरासमोर आल्यात.

लाखदाणा: पॉलिशबद्दल. आधी व्यवस्थापनाची परवानगी. मग दाराआडच्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं नखाएवढ्या जागेवर पॉलिशवाल्यांचं स्पिरिट अर्धा मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग लागला, तर लाखेचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही, तर बहुतेक मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कृत्रिम पॉलिशं, म्हणजे नंतरचा हात.

लाखेवर लाखच चढवावी. ती स्पिरिटनं विरघळते, म्हणून नवा हात जुन्यात मिसळतो आणि ओरखडा तेवढ्यापुरता दुरुस्त होतो. पीयूचा चरा असा जिरत नाही, बऱ्याचदा अख्खं पॅनेल घासावं लागतं. विनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर सँडिंग मशीन नकोच, पातळ थर झिजून खालचं लाकूड उघडं पडतं.

जुनापडदा: आणि विनियरला फुगे दिसले तर आधी वर एसीच्या डक्टचं पाणी गळतंय का ते बघा. गळती तशीच ठेवून सरस भरला, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुटेल.