रीफ टँकसाठी (कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) एलईडी लाइट घरीच बनवायचा आहे, किती एलईडी आणि कोणता ड्रायव्हर?

वाडीकर, बडोदा

नमस्कार मंडळी. माझी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, म्हणजे साधारण १९० लिटर. सायकल (पाण्यात उपयोगी जिवाणू रुजवणं) पूर्ण झाली आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, सॅलिनिटी (खारेपणा) ३५, दोन क्लाउन मासे मजेत आहेत. आता झोअँथिड (झोआ), मशरूम, एखादं लेदर अशी कोरलं (प्रवाळ) ठेवायचं मनात आहे. पुढे जमलं तर टॉर्च किंवा हॅमर कोरल.

सध्या वर गोड्या पाण्यातल्या झाडांसाठीचा पांढरा लाइट आहे, तो चालणार नाही एवढं कळलंय. नवा घरीच करावा म्हणतो. सोल्डरिंग येतं, मोटारसायकलचं वायरिंग मी स्वतः करतो. ३ वॉटचे एलईडी किती लागतील? घरात १२ व्होल्टचा एक चांगला अडॅप्टर पडून आहे, त्यावर चालतील का? मोबाइलच्या लक्स ॲपवर उजेड मोजला तर पुरे का? आणि मुख्य काळजी उन्हाळ्याची. आमचं घर स्लॅबखाली आहे, मे महिन्यात दुपारी खोली ३८-३९ अंशांवर जाते.

राजवाडा_इंदूर

दादा, एवढा खटाटोप कशाला? दोन चॅनेलचे तयार चिनी बॉक्स मिळतात, निळा वेगळा, पांढरा वेगळा. टांगला, प्लग लावला, झालं. माझ्याकडे झोआ आणि झेनिया कोरल त्याखाली छान वाढतात. सुटे भाग, पंखे, कंट्रोलर यांचा हिशेब मांडलात तर पैसे फारसे वाचत नाहीत.

निळा_उजेड, मकरपुरा

माझं जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एलईडी पॅनेल जुळवायचं छोटं युनिट आहे आणि घरी चार फुटी रीफ आहे, तेव्हा दोन्हीकडचं सांगते. पैसे फारसे वाचत नाहीत हे इंदूरकरांचं म्हणणं बरोबर आहे. तरीही घरी करा असंच मी म्हणेन. घरी केलेल्या लाइटमधला एक एलईडी गेला तर एक एलईडी बदलायचा, एक ड्रायव्हर गेला तर एक ड्रायव्हर. टाकी दहा-दहा वर्षं चालते, तिच्यावरचा लाइट दुरुस्त करता आलाच पाहिजे.

एलईडी किती, हा प्रश्न शेवटचा. आधी करंट बघा. एलईडीला करंट बांधून द्यावा लागतो. तो तापला की त्याचा फॉरवर्ड व्होल्टेज उतरतो. सप्लायचा व्होल्टेज तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की एलईडी आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. म्हणून कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच हवा. मीन वेलचा एलडीडी-७००एच घ्या. एवढासा असतो, ७०० मिलिअँपिअर देतो, ५६ व्होल्टपर्यंत डीसी घेतो, पीडब्ल्यूएमने (झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने) डिम होतो. त्याच्यामागे ४८ व्होल्टचा, १५० वॉटचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय). हा ड्रायव्हर व्होल्टेज फक्त उतरवतो, चढवत नाही, म्हणून माळेतल्या (एकामागून एक जोडलेल्या) एलईडींच्या व्होल्टेजची बेरीज ४८ च्या चार-पाच व्होल्ट तरी खाली ठेवायची. रॉयल ब्लू एलईडी ७०० मिलिअँपिअरला साधारण ३.२ व्होल्ट घेतो. बाराची माळ म्हणजे ३८ व्होल्ट. आरामात बसते.

तुमच्या टाकीला अशा तीन माळा पुरेत. ३६ एलईडी, तीन ड्रायव्हर, सगळं मिळून ८० वॉटच्या आसपास. पहिली माळ सगळी रॉयल ब्लू, ४५० नॅनोमीटर. दुसरीत आठ रॉयल ब्लू आणि चार ४२० चे जांभळे. तिसरीत आठ कूल व्हाइट आणि चार ४७० चे निळे. निळ्यावर एवढा भर का, तर कोरलच्या पेशींत राहणारं झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शेवाळ मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला उजेड खातं. समुद्रात लाल उजेड वरच्या काही मीटरमध्येच विरतो, खाली पोहोचतो तो निळा. पांढरी माळ बरीचशी आपल्या डोळ्यांसाठी. लाल एलईडी घालूच नका. तिन्ही माळांचे एलईडी पट्टीवर एकमेकांत मिसळून लावा, नाहीतर वाळूवर रंगाचे वेगवेगळे ठिपके पडतात. दीड फूट उंचीला लेन्सची गरज नाही, पाण्यापासून १० ते १२ इंच वर टांगा.

आता उष्णता, कारण बडोद्यात हाच कळीचा मुद्दा. या ८० वॉटपैकी निम्म्याच्या आसपास, स्वस्त एलईडी असतील तर त्याहूनही जास्त, उष्णताच होते. पत्र्याची पट्टी किंवा खिडकीचं चॅनेल चालणार नाही. जाड बुडाचं, पंखांचं ॲल्युमिनियम हीटसिंक सेक्शन घ्या, ३० इंच लांब आणि ६ इंच रुंद, शक्य तर ॲनोडाइज केलेलं, कारण खारी हवा उघडं ॲल्युमिनियम खाते. जीआयडीसीत तुकडे किलोवर मिळतात. त्यावर १२ व्होल्टचे दोन पंखे. तुमचा तो अडॅप्टर इथे कामाला येईल.

एलईडी चांदणीच्या आकाराच्या छोट्या पीसीबीवर बसवलेले घ्या. चांदण्या हीटसिंकवर बसवायच्या आधीच त्यांच्या पॅडवर शिसं चढवून ठेवा. एकदा त्या ॲल्युमिनियमला चिकटल्या की सगळी उष्णता खाली पळते, २५ वॉटच्या इस्त्रीने शिसं वितळतच नाही, आणि टेकवून धरलेल्या इस्त्रीने एलईडीच्या वरचा पारदर्शक घुमट पिवळा पडतो. ६० वॉटची इस्त्री, दोन सेकंद, बाजूला. थर्मल पेस्ट मोहरीच्या दाण्याएवढी पुरे, जास्त घातली तर तीच उष्णता अडवते. माळ पूर्ण झाली की मल्टीमीटरचं एक टोक पॅडवर आणि दुसरं हीटसिंकवर ठेवून कंटिन्युइटी बघा. बीप आला तर शॉर्ट आहे, ती चांदणी काढून खालची शिशाची कड साफ करा. ड्रायव्हर चालू असताना माळ जोडू किंवा सोडवू नका.

२३० व्होल्टची बाजू बंद डब्यात, टाकीपासून दूर भिंतीवर, अर्थिंगसकट. टाकीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आधी बसवा, मग बाकीचं. वायरला प्लगच्या खाली झोल द्या म्हणजे ओघळ बोर्डात न जाता खाली पडेल. एलईडींच्या खाली पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण हवंच, मिठाचे शिंतोडे दर आठवड्याला पुसा.

लक्स ॲपचं म्हणाल तर लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, ते हिरव्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरला, सर्वांत जास्त वजन देतं. निळ्याखाली ते फारच कमी आकडा दाखवतं आणि आपण लाइट वाढवत सुटतो. लागतो पार मीटर (झाडा-शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजणारा), ॲपोजी कंपनीचा एमक्यू-५१० पाण्यात बुडवून मोजतो. विकत घेऊ नका, पूर्ण लाइटपेक्षा महाग आहे. माझ्याकडे आहे, एखाद्या रविवारी घेऊन येईन. मशरूम आणि झोआंना ५० ते १०० पार भरपूर झाले.

वाडीकर, बडोदा

ताई, किती मनापासून लिहिलंत! हीटसिंक उद्याच बघायला जातो. दोन शंका. एवढे ३६ एलईडी पूर्ण चालवायचे का? आणि टॉर्च, हॅमर कुठून घ्यावं?

कारेलीबाग_मास्तर

टॉर्चबद्दल मी सांगतो, मी जीवशास्त्र शिकवतो. टॉर्च आणि हॅमर ही दगडी कोरलं. भारतातली सगळी दगडी कोरलं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. समुद्री पंखे, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरलही त्यातच. परदेशातून आलेलं दगडी कोरल साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतं, म्हणजे आयातीचे कागद हवेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते बाळगणाऱ्यालाही नोंदणी लागते. दुकानदार कागद दाखवू शकत नसेल तर तिथून निघा.

आपल्याच गुजरातेत कच्छच्या आखातात नरारा आणि पिरोटनला ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात चालत जाऊन जिवंत कोरल बघता येतं. ते मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ पासून. मी मुलांना घेऊन जातो. तिथला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही, हे मुलांना बसमध्येच सांगतो. तुमची झोआ-मशरूमची यादी उत्तम आहे, त्यातच रमा.

निळा_उजेड, मकरपुरा

मास्तरांशी पूर्ण सहमत.

३६ एलईडी पूर्ण कधीच चालवायचे नाहीत. क्षमता जास्त ठेवायची ती कमीवर चालवायला. ७०० मिलिअँपिअरचा एलईडी ४० टक्क्यांवर थंड राहतो आणि कितीतरी जास्त टिकतो. नवं कोरल आलं की निळ्या माळा २० टक्के, पांढरी ५ टक्के, दिवसाला ८ तास, आणि कोरल तळाला वाळूवर. दर आठवड्याला फार तर ५ टक्के वाढवा. झोआ देठ लांब करून वर ताणू लागले तर उजेड कमी पडतोय. मिटून बसले, रंग फिकुटला, तर जास्त होतोय, लगेच एक पायरी खाली या. कोरल कमी उजेडात महिनोन्‌महिने तग धरतं, जास्त उजेडात आठवड्यात पांढरं पडतं.

आणि हे मे महिन्यासाठी. कोरल पांढरं पडतं ते पाण्याची उष्णता आणि उजेड दोन्ही मिळून. पाणी तापलं की शेवाळाची उजेड पचवायची ताकद घटते आणि कालपर्यंत सोसलेला तोच उजेड घातक होतो. पाणी २९ च्या वर गेलं की लाइट एक तृतीयांश कमी करा आणि पेटवायची वेळ बदला, संध्याकाळी पाच ते रात्री बारा ठेवा. कोरलला घड्याळाशी देणंघेणं नाही, स्लॅब मात्र दुपारी तापतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडलात तर दोन-तीन अंश उतरतात. त्याने पाणी उडतं, त्याची भर आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याने करायची, मीठ उडत नाही.

चालू करताना पेटलेल्या निळ्या-जांभळ्या एलईडींकडे थेट बघू नका, घरात लहान मूल असेल तर विशेष जपा. तिन्ही माळा जोडून झाल्या की पॉवर द्यायच्या आधी वायरिंगचा फोटो इथे टाका, प्लस-मायनस बघून सांगते.