नव्या लॅपटॉपवर विमचे प्लगिन उतरेनात, सबमॉड्यूल अडकतात

मांजराकाठ (लातूर):
नमस्कार मंडळी. माझं विम या टेक्स्ट एडिटरचं सगळं बिऱ्हाड 2017 पासून एका गिट रेपोत (फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) आहे. विम 8 आलं तेव्हा प्लगिन लोड करणारं पॅथोजेन सोडलं आणि अकरा प्लगिन 'पॅक'मधल्या 'स्टार्ट' फोल्डरात सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) म्हणून लावले. परवा लाईटच्या झटक्यानं जुना लॅपटॉप गेला. नव्यावर रेपो क्लोन केला तर अकराही फोल्डर रिकामे. विम उघडलं की ई185, कलरस्कीम सापडत नाही. सबमॉड्यूल अपडेटला इनिट जोडून चालवलं, तर मध्येच बंद पडलं. मग एकेकाचं नाव देऊन बघितलं. सात उतरले. चार मात्र पाच-पाच मिनिटं नुसते ताटकळतात आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. हॉटस्पॉटला रेंज नसेल म्हणून गच्चीवर बसलो, पहाटे उठून बघितलं, तेच. सोयाबीनची आवक सुरू आहे, मोंढ्यातल्या दोन आडत दुकानांचं बिलिंग मी यातच सांभाळतो. प्लगिन मॅनेजर घ्या असं कृपया सांगू नका. जो प्लगिन ज्या कमिटवर (नोंदलेल्या आवृत्तीवर) चालत होता, तो मला तिथंच पाहिजे.

परभणीवाला:
भाऊ, रेंजचा दोष नाही. सबमॉड्यूलचे पत्ते असलेली '.गिटमॉड्यूल्स' फाइल उघडा. त्या चारांचे पत्ते 'गिट://'नं सुरू होत असणार. गिटहबनं तो विनाएन्क्रिप्शनचा रस्ता 15 मार्च 2022 ला कायमचा बंद केला. त्याच्या 9418 पोर्टवर आता पलीकडून उत्तरच येत नाही. तिथं 'एचटीटीपीएस://' करा.

मांजराकाठ:
अगदी तेच चार निघाले! बदलले. तरी जुन्याच पत्त्यावर जायलंय.

गोदाकाठ (नांदेड):
दादा, पत्ता दोन जागी असतो. इनिट केलं तेव्हाच गिटनं तो '.गिट/कॉन्फिग'मध्ये उतरवून घेतलाय. आधी 'गिट सबमॉड्यूल सिंक', मग अपडेट. आणि अपडेटला 'रिमोट' अजिबात जोडू नका; तो ब्रँचच्या टोकावरचं कमिट आणतो, तुमचं जुनं कमिट सुटेल. विमच्या मदतपानांची सूची बनवणारं हेल्पटॅग्ज चालवल्यावर गिट स्टेटसमध्ये 'अनट्रॅक्ड कंटेंट' (गिटनं न नोंदलेली फाइल) दिसलं तर ती डॉकमधली 'टॅग्ज' फाइल असते. त्या सबमॉड्यूलखाली 'इग्नोर = अनट्रॅक्ड' लिहा. माझे दोन दिवस गेले होते त्यात.

मांजराकाठ:
ताई, उतरले! अकराही, आणि कमिटही तेच. '.गिटमॉड्यूल्स'मधला बदल लगेच कमिट करून पुश केला. दोघांचेही मनापासून आभार.