स्ट्रेप्टोमायसिननंतर युग्लीना पांढरी पडली, पण मेली नाही. हिरवा रंग परत येईल का?

प्रश्न (तळ्यातलं_पाणी): युग्लीना ग्रासिलिस या एकपेशीय हिरव्या जीवाच्या कल्चरमध्ये जिवाणू माजले होते, म्हणून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलं. जिवाणू गेले, पण हळूहळू हिरवा रंगही गेला. पेशी मात्र ठणठणीत आहेत. अंग आखडून गोल होतात, पुन्हा लांब होऊन पोहतात, विभाजनही चालू आहे. औषधाविना ताज्या माध्यमात, उजेडात ठेवल्या तरी पांढऱ्याच. औषध जिवाणूंचं, मग हरितलवकाला का लागलं?

उत्तर (शैवालवेडी): कारण हरितलवक हा सायनोबॅक्टेरियाचाच (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचाच) वंशज. त्याचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) अजून जिवाणूंसारखे, लहान, 70एस जातीचे. पेशीद्रव्यातले मोठे, 80एस, त्यांना हे औषध फारसं लागत नाही. म्हणून पेशी जगते आणि हरितलवकात प्रथिनं बनणं थांबतं. पेशी विभागत राहते, हरितलवकं मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. पिढीगणिक वाटणी होत होत काही पेशींच्या वाट्याला एकही धड येत नाही. त्यांची संततीही पांढरीच. त्यामुळे रंग परत यायची वाट पाहू नका. प्रोव्हासोली, हटनर आणि शॅट्झ यांनी हे 1948 मध्येच दाखवलं होतं. यातले शॅट्झ म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन शोधणाऱ्यांपैकीच एक! मला हा प्रयोग फार आवडतो: एवढा मोठा अवयव गमावूनही जीव तगतो, कारण युग्लीना बाहेरून मिळालेल्या अ‍ॅसिटेटवर किंवा इथेनॉलवर जगू शकते.

उत्तर (क्लॅमी_प्रेमी): क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालात असं होत नाही, तिला हरितलवक टाकून देता येत नाही. तिथे मजा वेगळीच. आनुवंशिकीतज्ज्ञ रूथ सेगर यांना 1954 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे प्रकार सापडले, आणि त्यातल्या एकाचा हा गुण मेंडेलचे नियम न पाळता एकाच पालकाकडून उतरत होता. पुढे कळलं, तो हरितलवकाच्या डीएनएत असतो.

तळ्यातलं_पाणी: मग जिवाणू काढायला वापरू काय? ऑफ्लॉक्सासिन चालेल?

शैवालवेडी: नको! तेही युग्लीनाला पांढरं करतं; डीएनए गायरेजवर (डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरावर) घाव घालतं आणि हरितलवकातही तसंच गायरेज आहे. अँपिसिलिन बघा. ते जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर चालतं आणि युग्लीनाच्या हरितलवकाला तशी भित्तिका उरलेलीच नाही. (सायनोफोरा या दुसऱ्या एकपेशीय शैवालावर मात्र वापरू नका, तिच्या लवकाला ती अजून आहे.) सगळे जिवाणू त्याने जात नाहीत, तेव्हा नंतर पातळ करून एकेक पेशी वेगळी काढा. आणि ही पांढरी फेकू नका. अ‍ॅसिटेटवर अंधारात जपा, हिरव्या पेशींशी तुलना करायला उपयोगी पडेल.