तीसपर्यंत पाढे पाठ हवेतच का?

चौथीची_आई: शाळेतून सांगितलंय की दिवाळीनंतर तीसपर्यंत पाढे तोंडपाठ हवेत. आमच्याकडे रोज संध्याकाळी एकोणतीसच्या पाढ्यावरून रडारड. माझं म्हणणं दहापर्यंत पक्के झाले की बास, पुढचं उभा गुणाकार करून येतंच की. आणि गंमत म्हणजे सात आठे किती विचारलं की ती सात एके सातपासून गात सुटते, म्हणजे गाणं पाठ आहे, गणित नाही.

जुना_खोडरबर: रडू दे हो थोडं :) आम्हाला तीस तर होतेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असे अपूर्णांकांचे पाढे. परवचा, म्हणजे संध्याकाळचं पाढे म्हणणं, झाल्याशिवाय ताट वाढायचे नाहीत. आजही अठरा रुपये किलोचे अडीच किलो कांदे घेतले की पंचेचाळीस आपोआप तोंडात येतं.

दशमान: काका, पावकी होती कारण रुपयाला सोळा आणे होते. १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हाच तिची निम्मी गरज संपली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे इथे किती जणांना माहितीये?

संध्याकाळचा_क्लास: सहावी-सातवीला शिकवतो म्हणून सांगतो. ९१ मूळ संख्या आहे का विचारलं की अर्धा वर्ग हो म्हणतो, कारण २, ३, ५ ने भाग जात नाही. ज्याच्या कानात तेरा साते एक्याण्णव बसलंय तो फसत नाही. सतराचं ११९ पण तसंच.

दशमान: त्याला तेराचा पाढा कशाला सर? शंभराच्या आतली संख्या मूळ नसेल तर तिला २, ३, ५, ७ पैकी कशानेतरी भाग जाणारच. ९१ मधून सत्तर काढा, उरले एकवीस, सातने गेला. दहाच्या आतच काम झालं.

संध्याकाळचा_क्लास: तुम्हाला सुचलं, पोरांना पेपरात सुचत नाही ना!

लीड्सकर: इंग्लंडात आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सरकारी चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, सगळं बारा बाराच्या आत. उलटसुलट विचारतात त्यामुळे नुसतं गाऊन भागत नाही. आमच्या लेकाला आजीने व्हिडिओ कॉलवर मराठीत पाढे शिकवले, आता डोक्यात त्रेसष्ट येतं, त्यात तीन आधी, म्हणून घाईत टाइप करतो ३६.

जुना_खोडरबर: म्हणूनच २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी साठ तीन आणलं होतं ना, केवढा गदारोळ! पण सात नवे साठ तीन म्हणून बघा, ताल पार बोंबलतो.

चौथीची_आई: काल तिला ३६ चिंचोके दिले, म्हटलं सारख्या रांगा कर. एक, दोन, तीन, चार, सहा अशा सगळ्या करून झाल्यावर म्हणते, आई बाकी सगळ्यांना जोडीदार आहे, सहाला नाही. मला विभाजक शिकवावेच लागले नाहीत. एकोणतीसचं तेवढं अडलंय, तिसाच्या पाढ्यातून वजा कर म्हटलं तर म्हणते बाईंना तसं चालत नाही.