मोडी वाचता वाचता आयुष्याचे काम सापडले : अनुभव धागा

आवडीच्या कामातून जगण्याचे प्रयोजन सापडते असे आपण नेहमी ऐकतो, पण ते प्रत्यक्षात कसे सापडते हे सांगणारे अनुभव फार थोडे वाचायला मिळतात. म्हणून या धाग्यासाठी मुद्दाम एकच आवड निवडली आहे : मोडी या मराठी लिहिण्याच्या जुन्या धावत्या लिपीचे वाचन. साधारण १९५०च्या दशकापर्यंत शाळांमधून शिकवली जाणारी ही लिपी आज पोटापाण्याचा विचार करून कोणी शिकत नाही. जो शिकतो तो ओढीने शिकतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या पुराभिलेखागारांत, देवस्थानांच्या पेट्यांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर असंख्य कागद अजून वाचले जाण्याची वाट पाहत आहेत.

माझे स्वतःचे मत असे आहे की, प्रयोजन विचार करत बसून सापडत नाही. एखादे काम मन लावून करत राहावे आणि त्या कामाची कोणाला तरी गरज पडून तो माणूस आपल्या दारात यावा, तेव्हा ते लक्षात येते. सर्वांचा अनुभव असाच असेल असे नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत आणि आवड कशी लागली एवढ्यावरच न थांबता पुढे काय झाले तेही सांगावे, ही विनंती.

निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली जिल्हा

आमच्या घराच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल होते. वडील त्यांना हात लावू देत नसत आणि त्यांना स्वतःला ते वाचताही येत नसत. निवृत्तीनंतर मी मोडीच्या वर्गाला नाव घातले ते केवळ त्या रुमालांसाठी.

मुळाक्षरे लवकर येतात, कागद मात्र लवकर लागत नाही. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग शक्यतो बोरू (लिहिण्याची तासलेली काडी) न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे असते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, ‘राजश्री’साठी नुसता ‘रा’ लिहून पुढे जाण्याची पद्धत. तारीख तर आणखी वेगळी. आमच्या एका कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे होते. हे अरबी संख्याशब्द आहेत : तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन या जुन्या कागदांतील कालगणनेचे वर्ष ११७३. हे वर्ष जूनमधल्या मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी ६००. म्हणजे तो कागद १७७२-७३ सालचा. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते याच वर्षी, आणि त्याच वर्षी आमच्या पूर्वजांपैकी कोणीतरी धान्याचा हिशेब खंडी-मणांत लिहून ठेवत होते. हे कळले तेव्हा मला जो आनंद झाला तसा नोकरीच्या सगळ्या वर्षांत क्वचितच झाला असेल.

पण प्रयोजन म्हणावे असे काही त्यानंतर घडले. शेजारच्या गावातील दोन चुलत भावांमध्ये विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणे बंद होते. त्यांच्यातील थोरल्याच्या सूनबाई एक जुना कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “काका, यात आमच्या विरुद्ध काही असलं तरी चालेल, पण जे आहे ते वाचून सांगा.” मी दोन्ही घरच्यांना बोलावल्याशिवाय वाचणार नाही असे सांगितले. पुढे आमच्याच ओसरीवर दोन्ही घरची माणसे बसली आणि मी कागद सावकाश, ओळ न ओळ वाचला. थोरल्या घरची मोट चार दिवस, धाकट्या घरची तीन दिवस, नाडा-सोंदूर म्हणजे मोटेचे दोर दोघांनी मिळून आणायचे आणि विहिरीचा गाळ काढायच्या वेळी दोन्ही घरांतून माणूस द्यायचा, असे त्यात लिहिले होते. आता मोटा नाहीत, पंप आहेत, आणि त्या कागदाने वाद मिटला असेही झाले नाही. मात्र आपल्या पणजोबांनी काय ठरवले होते ते दोघांनीही एकत्र बसून ऐकले. त्यानंतर आसपासच्या गावांतून माणसे कागद घेऊन येऊ लागली. आता सकाळी दिवा लावून झाला की मी भिंग घेऊन बसतो आणि दिवस कसा जातो ते कळत नाही. या वाचनाचे मी पैसे घेत नाही, आणि कागदात जे नाही ते कोणाच्या समाधानासाठी सांगत नाही.

संगणक अभियंता, पुणे

मला इतिहासापेक्षा अक्षरांच्या आकारांची ओढ जास्त होती. मोडीतला काना वरून खाली येत नाही, तो अक्षराच्या शेवटापासून खालून वर शिरोरेषेपर्यंत जातो, म्हणजे हात न उचलता पुढचे अक्षर सुरू करता येते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ज्या कोणी ही सोय शोधली त्याच्या बुद्धीचे मला मनापासून कौतुक वाटले. २०१४ मध्ये युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणात मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि तेव्हापासून मी सुटीच्या दिवशी मोडी टंकावर (फॉन्टवर) काम करू लागले. सेरामपूरला विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० साली मोडी टायपात छापला होता, हे त्या काळात वाचनात आले आणि आपण करतो आहोत ते काम दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते हे समजून हुरूप वाढला.

यातली मेहनत वाचकांना दिसत नाही. देवनागरीत व्यंजनाला स्वरचिन्ह जोडले की बहुतेक वेळा काम होते, मोडीत मात्र जोडताना व्यंजनाचाच आकार पुष्कळदा बदलतो, आणि ‘र’ तर शेजारी कोणते अक्षर आहे त्याप्रमाणे वेगवेगळी रूपे घेतो. प्रत्येक रूपासाठी जुन्या कागदांतील नमुने पाहावे लागतात, कारण चिटणिसी वळण वेगळे आणि बिवलकरी वळण वेगळे.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. प्रयोजन सापडले म्हणजे नोकरी सोडली पाहिजे, असा एक समज आजकाल फार पसरला आहे. मी नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. घराचे हप्ते पगारातून जातात, म्हणून या कामात मला घाई करावी लागत नाही, आणि एखाद्या अक्षराचे वळण मनासारखे होईपर्यंत थांबता येते.

निवृत्त लिपिक, सोलापूर जिल्हा

माझे शिक्षण फार नाही. आमच्या आजोबांनी मला लहानपणी पाटीवर मोडी शिकवली होती आणि पुढे मी ती छंद म्हणून जपली. गावात कोणी त्याची दखल घेतली नाही, घरचेही “याचा काय उपयोग?” असे म्हणत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने जुन्या कागदांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तालुक्याच्या ठिकाणी मोडी वाचणारे माणूस मिळेना, तेव्हा मला बोलावणे आले. कोतवाल बुक म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, गाव नमुना क्रमांक १४. तिच्यात बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मरणाचे कारण अशा नोंदी असतात. पानांच्या कडा कसरीने खाल्लेल्या, शाई फिकी पडलेली.

लोक आपल्या पणजोबांचे नाव सापडेल या आशेने बाहेर ताटकळत असत. नोंदीचे पुढे काय होते हा माझा विषय नाही, पण एका पानावर पटकीने एकाच आठवड्यात गेलेली एकाच घरातील मुले ओळीने वाचताना माझा आवाज फुटेना. ती मुले गेली हे सांगणारा तेवढाच एक कागद उरला होता, आणि तो वाचणारा त्या खोलीत मी एकटा होतो.

गृहिणी, मूळ तंजावर, सध्या चेन्नई

आमच्या घरात तंजावुरी मराठी बोलतात, त्यात तमिळ शब्द पुष्कळ. लिहायची मराठी मी मोठेपणी शिकले, तेव्हा वाक्यात काही कमी-जास्त असेल तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरात भोसल्यांचे राज्य होते आणि त्या दरबाराचे मोडी कागद तिथे आजही आहेत. सरस्वती महाल ग्रंथालय आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होते, तरी त्या कागदांत आमचीच भाषा आहे हे मला लग्नानंतर, महाराष्ट्रातील एका बाईंनी सांगितल्यावर कळले.

मी मोडी शिकले ती सरफोजी महाराजांच्या काळातील अन्नछत्रांची माहिती वाचावी म्हणून. ओरत्तनाडूला त्यांनी मुक्तांबा छत्र उभारले, तिथे यात्रेकरूंना जेवण मिळे. अशा छत्रांच्या हिशेबात तांदूळ, डाळ, तूप असे जिन्नस क्रमाने येतात आणि ते शब्द आमच्या स्वयंपाकघरातले असतात. आमच्या समाजातील मुले घरी मराठी बोलायला लाजतात. मी त्यांना सुटीत बोलावून हे जिन्नस वाचून दाखवते, आणि ती आपल्या आजीच्या तोंडचे शब्द त्यात ओळखतात. या कामासाठी मला कोणी नेमलेले नाही. माझ्या मागे ते कोणी करील की नाही ही काळजी मात्र आता मला खरोखर लागून राहिली आहे.

लिप्यंतरकार, नागपूर

वरचे सगळे अनुभव वाचून फार बरे वाटले, पण दुसरी बाजूही लिहिणे आवश्यक आहे. मी पानामागे मोबदला घेऊन लिप्यंतर करतो. आवडीचे काम उपजीविकेचे झाले की त्यातला निवांतपणा जातो. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांत तोच मजकूर पुन:पुन्हा येतो, मोबदला वेळेवर मिळत नाही, आणि निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून एखादा शब्द ‘असा वाचा’ असे सुचवणारे पक्षकारही भेटतात. मी नकार देतो आणि काम हातचे जाते.

तरीही मी हे सोडलेले नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद मिळवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध केले. माझे काम त्या मानाने अगदीच लहान आहे, पण मी वाचलेला शब्द उद्या दुसऱ्या वाचणाऱ्याने तपासला तर तो तसाच निघाला पाहिजे, एवढी एक गोष्ट मी स्वतःसाठी ठरवून घेतली आहे. आवड कमी झाली अशा महिन्यांतही त्या एका गोष्टीमुळे काम नेटाने होते.

*(हा अनुभव लिहिल्याबद्दल आपले विशेष आभार. माझ्या सुरुवातीच्या मतात हे बसत नव्हते आणि ते मत त्यामुळे अपुरे होते हे मान्य केले पाहिजे : कोणी दारात आले नाही तरी कामाचा चोखपणा माणसाला धरून ठेवू शकतो. – धागाकर्ती)*

माध्यमिक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

आमच्या शाळेत मी शनिवारी दुपारी नववीच्या मुलांना मोडी शिकवते. परीक्षेत गुण मिळत नाहीत हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, तरी मुले येतात. बोरू मिळत नाही म्हणून कळकाच्या काड्या तासून घेतो. नागपूरच्या दादांनी लिहिलेला चोखपणा मी मुलांना एका नियमातून शिकवते : शब्द लागला नाही तर अंदाजाने भरायचा नाही, तिथे टिंबे द्यायची आणि समासात आपली शंका लिहायची.

गेल्या पावसाळ्यात गावातील देवस्थानच्या विश्वस्तांनी एक पेटी आमच्याकडे सोपवली. त्यातले कागद मुलांनी मऊ ब्रशने झाडून, क्रमांक देऊन लावले. बहुतेक कागद उत्सवाच्या खर्चाचे आहेत, पण काहींवर बंदरातून आलेल्या गलबतांवरील जकातीचा उल्लेख आहे आणि तो आम्हाला अजून पूर्ण लागलेला नाही. सांगलीच्या टपालवाल्या काकांना आणि इतर जाणकारांना विनंती आहे की, जकातीच्या कागदांतील संक्षेप ज्यांना ओळखता येतात त्यांनी कृपया कळवावे. दिवाळीच्या सुटीनंतर मुले तिथूनच पुढे वाचायला बसणार आहेत.