जेजुरीला भंडारा लिंबासारखा का दिसतो? कॅमेऱ्यातच रंग कसा बसवायचा?

सासवडचा_शूटर

राम राम मंडळी. लग्नाच्या शूटिंगची कामं घेतो. आमच्याकडं लग्न झालं की जोडीनं जेजुरीला जायचंच. नवरदेव नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, वर गडावर भंडारा उधळतात, मग घरी जागरण-गोंधळ. हल्ली पार्टी म्हणते गडावरचं यूट्यूबवर लाइव्ह पाहिजे, मुंबईच्या नातेवाइकांना बघायचंय, आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह हातात. म्हणजे एडिटला बसून रंग सुधारायचा प्रश्नच नाही. कॅमेऱ्यातून निघेल तेच फायनल.

कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०. सोबत एक जुना खांद्यावरचा आहे, त्यात व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं जुळवणं) आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) सोडून रंगाचं काहीच हलवता येत नाही. दोन्ही व्हिडिओ मिक्सरला जोडलेले.

अडचण अशी की भंडारा उधळला रे उधळला की माणसांचे चेहरे जांभळट पडतात. खाली बसला की परत नीट. लाइव्हमधे हे सारखं वर-खाली चालू. आणि भंडारा स्वतः हिरवट लिंबासारखा दिसतो, भुकटी वाटतच नाही, पिवळा रंग ओतल्यासारखा सपाट गोळा. डोळ्याला दिसतो तो हळदीचा गडद सोनेरी रंग मला पाहिजे. सध्या ऑटो व्हाइट बॅलन्स, पिक्चर प्रोफाइल (कॅमेऱ्यातल्या रंगाच्या तयार सेटिंग्ज, पीपी) बंद, क्रिएटिव्ह स्टाइल व्हिव्हिड. काय बदलू?

सिनेमॅटिक_स्वप्नील

पीपी८ लाव भावा, त्यात एस-लॉग३ असतो, फिकं सपाट चित्र देणारा. नंतर एडिटला एक चांगली लट (LUT, रंग बसवणारी तयार फाइल) मार, विषय संपला. व्हिव्हिडवर कोण शूट करतं अजून 😀

करहेकाठचे_काका

स्वप्नीलराव, पोरानं लिहिलंय की लाइव्ह आहे आणि संध्याकाळी पेनड्राइव्ह द्यायचाय. लट काय पायरीवर बसून मारणार का? आणि वेळ असता तरी या कामाला मी लॉग सांगितला नसता. झेडव्ही-ई१० आठ बिटांत रेकॉर्ड करतो, म्हणजे रंगाच्या पायऱ्या कमी. लॉगमधे आधीच दाबलेला रंग नंतर ताणला की भंडाऱ्याच्या ढगात पट्टे पडतात. मोठ्या कॅमेऱ्यावर दहा बिटांत जरूर करा.

आता सासवडकर, तू नीट ऐक. मी सोनीच्या जुन्या टेपवाल्या पीडी-१७० कॅमेऱ्याच्या काळापासून गडावर कॅमेरा घेऊन चढतोय. त्यात रंगाचं म्हणावं असं थोडंच हलायचं, पण ते थोडं हलवल्याशिवाय भंडारा तेव्हाही बसत नव्हता.

पहिलं, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. फ्रेम पिवळी झाली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा पडला, म्हणून तो निळा ओततो, आणि तो निळा चेहऱ्यांवर जाऊन बसतो. तुझा जांभळा रंग तिथून येतो. उन्हात सरळ ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) ठोकून दे. सावलीत, पायऱ्यांच्या कमानीखाली, ६५०० च्या आसपास. करडं कार्ड दाखवून बॅलन्स घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव. गडावरची फरशी पिवळी असते, उगाच नाही सोन्याची जेजुरी म्हणत. कार्ड सरळ उभं धरलंस तर खालून येणारा पिवळा उजेड त्यावर पडतो आणि मशीन परत निळ्याकडं जातं. कार्ड थोडं आभाळाकडं कलतं धर. आणि कुणाच्या तरी पांढऱ्या धोतरावर बॅलन्स घेऊ नको, ते गडावर येईपर्यंत पांढरं राहिलेलं नसतं. बाकी हनुवटीखाली, गळ्यावर तो फरशीचा पिवळा उजेड दिसू दे. तो खरा आहे. तो काढून टाकलास तर फोटो स्टुडिओत काढल्यासारखा होईल.

दुसरं, आणि हे फार कमी लोक बघतात. तुझा झेब्रा (जास्त उजळ भागावर स्क्रीनवर येणाऱ्या रेघा) १०० वर असणार. भंडाऱ्यावर तो कधी येणारच नाही. कारण झेब्रा उजळपणा मोजतो, रंग मोजत नाही. एचडी व्हिडिओत उजळपणाचा हिशेब ठरलेला आहे: लाल साधारण २१ टक्के, हिरवा ७२, निळा ७. हळदीचा रंग म्हणजे लाल भरपूर, हिरवा बऱ्यापैकी, निळा जवळजवळ नाहीच, कारण हळद निळा उजेड पिऊन टाकते. समज लाल १०० ला टेकला, हिरवा ७० आहे, निळा शून्य. उजळपणा भरतो जेमतेम ७१. म्हणजे झेब्रा तुला सांगतोय अजून भरपूर जागा आहे, आणि इकडं लाल कधीच फुटला. त्यावर लेन्स अजून उघडलीस की लाल तिथंच अडकतो, हिरवा मात्र चढत राहतो. लाल अधिक चढता हिरवा म्हणजे काय? तुझं लिंबू. आणि कडेला जाऊन आपटलेल्या रंगात उजळ-गडद उरत नाही, म्हणून भुकटीचा कण जातो आणि गोळा दिसतो.

तेव्हा झेब्राला स्वतःचा आकडा घालायची सोय आहे तिथं ६५ घाल, आणि उन्हातल्या भंडाऱ्यावर रेघा जेमतेम दिसतील इतपतच उघड. चेहरे थोडे खाली जातील. जाऊ देत. आपले चेहरे गव्हाळ-सावळे, ते ५०-५५ ला छान दिसतात. ७० ला आणायचं हे गोऱ्या कातडीचं गणित आहे, आपण उगाच घोकत बसलो.

तिसरं, प्रोफाइल. व्हिव्हिड काढ, तो रंग आधीच ताणतो. पीपी६ घे, त्यात सिने२ गॅमा (उजळ-गडदाची वाटणी) असतो. ब्लॅक लेव्हल आणि 'नी' (knee, उजळ भाग दाबणारी सेटिंग) यांना हात लावू नको. सॅच्युरेशन उणे ६ कर. डिटेल उणे ३, नाहीतर उडणाऱ्या प्रत्येक कणाला काळी कड येते आणि भंडाऱ्याऐवजी माश्या उडाल्यासारखं दिसतं. मग खाली कलर डेप्थमधे जा. तिथं सहा रंग वेगवेगळे हलतात. त्यातला वाय, म्हणजे पिवळा, अधिक ३ कर. अधिक केलं की रंग गडद होतो, उणे केलं की फिका. लोक उलटं समजतात. पिवळा भडक झाला म्हणून उणे करतात आणि लिंबू अजूनच लिंबू होतं.

शटर १/५०, पंचवीस फ्रेम. उन्हात त्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागणारच. आयएसओ १०० ला एफ ५.६ ठेवायचं तर एनडी-१६. स्वस्तातला फिरवायचा एनडी घेऊ नको, तो स्वतःच हिरवट-पिवळी झाक देतो, मग तू रात्रभर मेनूत शोधत बसशील की ही झाक कुठून आली.

फ्रेमवाली_कोल्हापूर

काकांचा झेब्र्याचा हिशेब मी माझ्या स्कोपवर (चित्रातल्या रंग-उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) ताडून बघितला, बरोबर आहे. एका गोष्टीला मात्र माझा विरोध. सॅच्युरेशन उणे ६ नको. मी एडिटला बसते, माझ्याकडं येणाऱ्या लग्नांत असं खाली ओढलेलं फुटेज लगेच ओळखू येतं. भंडारा सुधारतो, पण नवरीचा हिरवा चुडा मरतो, मुंडावळ्या मरतात, हातावरची मेंदी मातकट होते. नवरीकडच्या बायका आधी चुडा बघतात आणि शालू बघतात, भंडारा नंतर. उणे २ वर थांबा आणि बाकीचं काम कलर डेप्थकडून करून घ्या.

त्यातही पिवळा वाढवताना शेजारचा रंग थोडा ओढला जातो. शालू पोपटी असेल तर अधिक ३ वर तो बाटलीच्या हिरव्याकडं झुकतो. पोपटी शालू दिसला की अधिक १ किंवा २ वर या. अशा वेळी भंडारा थोडा फिका राहिला तरी चालेल.

सिने२ का, सिने१ का नाही, हेही सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. सिने१ शंभर टक्क्यांच्या वर पण माहिती ठेवतो, ती एडिटला खाली ओढून घेता येते. लाइव्हला ओढणार कोण? मिक्सर नाहीतर यूट्यूब वरचा भाग सरळ छाटून टाकतं. सिने२ शंभरच्या आतच राहतो. पेनड्राइव्ह लावून टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी पण तेच सोयीचं.

सासवडचा_शूटर

काका, ताई, मनापासून आभार. काल गच्चीवर ताटात भंडारा घेऊन बघितलं, धाकट्या भावाला उधळायला लावला (आईच्या शिव्या वेगळ्या). झेब्रा ६५ ला लावल्यावर आधी वाटलं फार अंधार झाला, पण टीव्हीला लावून बघितलं तर कण न् कण दिसतोय! रंग पण बसला. सॅच्युरेशन ताईंचं उणे २ ठेवलं, पिवळा अधिक ३.

आता दोन गोष्टी उरल्या. जुन्या कॅमेऱ्यात यातलं काहीच नाही, मिक्सरवर कट मारला की दोन वेगळे कार्यक्रम वाटतात. आणि जागरण रात्री असतं. मांडवात एलईडी, वाघ्या-मुरळीपुढं दिवटी पेटलेली, आणि कोपऱ्यात साउंडवाल्याचे निळे-जांभळे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे). तिथं हळद काळपट-हिरवी दिसते. तिथं पण ६५च?

सिनेमॅटिक_स्वप्नील

भाऊ फ्रेम टाक ना त्या ताटाची. झेब्र्याचं मला पण माहीत नव्हतं, आता हळदीच्या शूटला लावून बघतो.

करहेकाठचे_काका

जुन्या कॅमेऱ्याचं आधी. ज्याला वाकता येत नाही त्याच्यापुढं वाकता येणाऱ्यानं वाकायचं. दोन्ही कॅमेरे एकाच जागी ठेवून एकच ताट दाखव: भंडारा, हिरवी बांगडी, लाल कुंकू, करडं कार्ड, आणि बाजूला तुझा हात. जुन्याचा व्हाइट बॅलन्स त्याच कार्डावर घे, एक्स्पोजर तसंच भंडाऱ्यावर खाली ओढ. तो जे चित्र देईल ते प्रमाण मान. आता मिक्सरच्या मॉनिटरवर दोन्ही शेजारी लावून झेडव्हीत एकेक घर सरकव. आधी हात जुळव, मग हिरवी बांगडी, भंडारा सगळ्यात शेवटी. उलट केलंस तर भंडारा जुळेल आणि माणसं दोन वेगळ्या गावची दिसतील. जमलं की ती सेटिंग पीपी६ मधेच राहू दे, लॉगचे स्लॉट तुला लागत नाहीत. जुन्या कॅमेऱ्याला तसाही लांबून, दीपमाळेसकट रुंद फ्रेम दे. जवळचे चेहरे झेडव्हीकडं. रुंद फ्रेममधे रंगातला उरलेला फरक कुणी बघत नाही.

आता रात्र. निळ्या-जांभळ्या पारखाली तुझ्या मेनूतलं काहीही चालणार नाही. मघाशी सांगितलं तसं हळद निळा उजेड पिते, परत फेकत नाही. नुसता निळा उजेड असेल तर परत यायला उरतं काय? काळं. वर हळदीचा गुण असा की जांभळ्या उजेडात ती स्वतः हिरवट चमकते. तुला दिसतोय तो काळपट-हिरवा रंग खरोखरच तिथं आहे, कॅमेरा खोटं बोलत नाहीये. साउंडवाल्याला चहा पाज आणि मुरळी नाचते त्या भागावरचे निळे पार बंद करायला सांग, नाहीतर पांढऱ्यावर ठेवायला लाव. फार तर मागच्या पडद्यावर मारू दे.

व्हाइट बॅलन्स दिवटीवर कधी घ्यायचा नाही. ज्योत २००० केल्विनच्याही खाली असते, तिला पांढरी करायला गेलास तर मांडव निळा पडेल. ४००० ला कुलूप लाव. एलईडी किंचित गार दिसेल, ज्योत केशरी राहील, वाघ्याच्या कपाळावरचा भंडारा ज्योतीच्या बाजूनं सोनेरी दिसेल. दिवटी आहे म्हणूनच तर तिथं कॅमेरा लावायचा.

आणि रात्री ६५ नको. दिवटीजवळ लाल अजून लवकर फुटतो, कारण उजेडातच लाल जास्त. ५५ वर आण. शटर १/५० च ठेव, आपली वीज पन्नास हर्ट्झची, १/६० केलंस तर एलईडीच्या पट्ट्या सरकताना दिसतील. तरी पट्ट्या आल्याच तर १/१०० करून बघ.

फ्रेमवाली_कोल्हापूर

रात्री पिवळ्याची डेप्थ अधिक ३ ठेवू नका, शून्यावर आणा. दिवटीच्या उजेडात चेहऱ्यातच पिवळा-केशरी भरलेला असतो, डेप्थमुळे तो पण गडद होतो आणि मुरळीच्या चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे दिसतात. पीपी५ रिकामा असेल तर त्यात हीच सेटिंग कॉपी करून डेप्थ तेवढी बदला आणि गॅमा सिने२ करा, म्हणजे गडावरचा एक आणि घरचा एक असे दोन तयार.

सासवडचा_शूटर

केलं. गडावरचं पीपी६, घरचं पीपी५. रविवारी एक जोडी आहे, लाइव्ह झालं की लिंक टाकतो. खोबऱ्याचे तुकडे येऊन लेन्सवर आपटतात, त्याला काय लावता?

करहेकाठचे_काका

साधा यूव्ही फिल्टर, आणि पुढं हूड. भंडारा बसला की फुंकणीनंच उडव, उपरण्यानं पुसू नको. तेलकट असतो, एकदा घासला की पुढची सगळी फ्रेम धुरकट. जास्तीचा फिल्टर खिशात ठेव, पहिला खराब झाला की सरळ बदल.