जेसनबी कॉलमवरचे नियम: ट्रिगरमध्ये नेमके किती ठेवावे?

कळमनाकर:
नागपूरच्या कळमना बाजारातील एका संत्रा अडत्याची आवक-नोंदीची प्रणाली मी सांभाळतो. आंबिया आणि मृग बहराच्या मालाची माहिती सारख्या साच्यात बसत नसल्याने ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जेसनबी कॉलममध्ये (ज्यात ‘किल्ली: मूल्य’ अशा जोड्या ठरीव साच्याशिवाय ठेवता येतात) ठेवली आहे. ‘घट १० टक्क्यांहून जास्त असल्यास शेतकऱ्याला एसएमएस जावा’ असे नियम मी ट्रिगरच्या (नोंद येताच किंवा बदलताच आपोआप चालणाऱ्या) फंक्शनमध्येच लिहिले; परंतु ते दर हंगामात बदलतात. शिवाय ९ टक्के घटीलाही एसएमएस गेला आणि एकदा तर डेटाबेसमधील व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रोलबॅक, म्हणजे रद्द, होऊनही गेला. नियम डेटाबेसमध्ये ठेवणेच चुकीचे आहे का?

रामदासपेठकर:
चुकीचे नाही, पण नियम हा कोड नसून माहिती आहे असे धरून चाला. आवृत्ती १२ पासून जेसनपाथ हा जेसनबीतील माहितीवरच्या अटी लिहिण्याचा स्वतंत्र डेटा प्रकार उपलब्ध आहे. नियमांचे वेगळे टेबल करून त्यात `$."घट" > 10` अशी अट याच प्रकारच्या कॉलममध्ये ठेवा, म्हणजे व्याकरण चुकलेली अट टेबलात शिरणारच नाही. ट्रिगरने प्रत्येक नोंद `@@` या अट तपासणाऱ्या चिन्हाने चालू नियमांशी ताडून पाहावी, एवढेच त्याचे काम. ९ टक्क्यांचे कारण बहुधा `->>` हे आहे. ते किल्लीचे मूल्य मजकूर म्हणून परत देते आणि मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होत असल्याने ‘9’ हा ‘10’ पेक्षा मोठा ठरतो.

धंतोली:
वरील उपायात एक धोका आहे. घट अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, आली किंवा किल्लीचे नाव चुकले, तर `@@` कोणतीही त्रुटी न दाखवता नियम लागूच करत नाही. म्हणून मूल्याचा प्रकार सांगणारे `jsonb_typeof` वापरून चेक बंधन (न पाळणारी नोंद नाकारणारी अट) घाला. मात्र किल्लीच नसेल तर उत्तर नल (म्हणजे ‘माहीत नाही’) येते आणि नल आल्यास चेक बंधन मोडत नाही, तेव्हा ती शक्यता स्पष्टपणे नाकारावी लागेल. एसएमएस ट्रिगरमधून कधीही पाठवू नका. ट्रिगरने त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये रांगेच्या टेबलात फक्त एक ओळ लिहावी, जेणेकरून रोलबॅक झाल्यास तीही नाहीशी होईल. पाठवणारा स्वतंत्र प्रोग्राम `SKIP LOCKED` वापरून, म्हणजे दुसऱ्या कोणी धरून ठेवलेल्या ओळी वगळून, त्या ओळी उचलेल. रांगेत नोंद व नियम यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारे) ठेवल्यास नोंद पुन्हा अपडेट झाली तरी तोच संदेश दुसऱ्यांदा रांगेत येणार नाही.

कळमनाकर:
आभारी आहे. पाहिले तर `->>` च वापरले होते, आणि जुन्या कित्येक नोंदींत घट मजकूर म्हणूनच साठवलेली आहे. बंधन आधी `NOT VALID` ठेवून जोडतो, म्हणजे जुन्या नोंदी न तपासता नव्या नोंदींना ते लगेच लागू होईल. जुन्या दुरुस्त झाल्यावर पडताळून घेतो.